दाराची खालची कड

घराला रंग द्यायचे ठरले, की घरातल्या प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर एकेक रंग उभा राहतो. आमच्या सौभाग्यवतींना हस्तिदंती दिसतो, पुण्याच्या चिरंजीवांना फोनवरूनच राखी दिसतो, आणि मला रंगाऱ्याचे बिल दिसते. पण रंगाचा पहिला हात फिरण्याआधी त्या दारांचे, चौकटींचे आणि खिडक्यांच्या पट्ट्यांचे काय काय करावे लागते, ते मात्र कोणालाच दिसत नाही. हा दोष आमच्याच घराचा आहे असेही नाही. आर. के. लक्ष्मण यांनी १९५४ साली एशियन पेंट्ससाठी गट्टू नावाचा एक खट्याळ पोरगा काढला. कपाळावर केसांची झुलपे, एका हातात ब्रश, दुसऱ्या हातात रंगाचा डबा! माझ्या पिढीला हा गट्टू शेजारच्या मुलासारखा ओळखीचा होता. पण काचकागद घेऊन घामाघूम होईपर्यंत चौकट घासणारा पोरगा काही कोणी काढला नाही. काढला असता, तर त्याच्याकडे बघून कोणाला रंग घ्यावासा वाटला असता, हा प्रश्नच आहे.

गेल्या वर्षापर्यंत मीही गट्टूच्याच पक्षाचा होतो. ब्रश आणि डबा यांखेरीज रंगकामात जे काही असते, ते रंगाऱ्याने आपली रोजी वाढवण्यासाठी काढलेले निमित्त असते, असे माझे प्रामाणिक मत होते. ते मत कसे बदलले, त्याचीच ही हकिगत.

आमच्या वाशीमला रंगाचा हंगाम आणि सोयाबीनचा हंगाम एकच. दसऱ्याच्या सुमारास सोयाबीन बाजारात येते, गावात चार पैसे खेळू लागतात, आणि दिवाळी पंधरा-वीस दिवसांवर येऊन ठेपलेली असते. मग शेतकऱ्यापासून वकिलापर्यंत सगळ्यांना एकाच आठवड्यात आपापली घरे कळकट दिसू लागतात. त्या आठवड्यात रंगाऱ्याचा भाव नवरदेवापेक्षा अधिक असतो. आणि गंमत अशी, की नेमक्या त्याच वेळी दारे-खिडक्या चार महिने पावसाळी हवा पिऊन टच्च झालेल्या असतात. ओल्या लाकडावर रंग देणे म्हणजे न्हाऊन आल्यावर अंग न पुसता कोट चढवणे. आतली ओल बाहेर पडायला वाट शोधते, आणि वाट मिळाली नाही की रंगाला फोड येतात. हे सारे मला अनुभवाने माहीत होते. पण अनुभव येणे आणि शहाणपण येणे, यांत पुष्कळ वर्षांचे अंतर पडू शकते.

आमचे घर जुन्या गावातले. माझ्या वडिलांनी ते १९६६ साली बांधले. तेव्हा वाशीम हा अकोला जिल्ह्यातला एक तालुका होता; स्वतंत्र जिल्हा व्हायला १ जुलै १९९८ उजाडावा लागला. घराचे पुढचे दार दोन झडपांचे, सागवानी, वर गणेशपट्टी. मागच्या दोन खोल्या मी १९९४ साली वाढवल्या, आणि त्यांची दारे बसवण्याचा पराक्रमही माझाच. ती दारे दर श्रावणात फुगत. एक तर इतके घट्ट बसे की खांदा लावल्याशिवाय उघडत नसे. मग सुतार येई, कडेवरून रंधा मारी आणि पैसे घेऊन जाई. वैशाखात तेच दार इतके सैल होई की खालून मांजर आरामात ये-जा करी. पुढच्या श्रावणात पुन्हा सुतार. रंध्याने दरवेळी नवे, कोरे लाकूड उघडे पडते आणि ते अधिकच ओल पिते, एवढी साधी गोष्ट तीस वर्षांत माझ्या ध्यानात आली नाही. मी आपला लाकडाला, सुताराला आणि हवेला दोष देत होतो.

गेल्या वर्षी रंगाचा आग्रह मीच धरला. त्याचे कारण म्हणजे आमची नात. दीड वर्षाची. तिची वाशीमची ती पहिलीच दिवाळी. तिने पहिल्यांदा पाहायचे आजोबांचे घर कसे झगझगीत असायला हवे! मी दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी रंगाऱ्याला बोलावले.

हे गृहस्थ साठीच्या घरातले, बारीक चणीचे, कमी बोलणारे. आल्यावर त्यांनी भिंतींकडे पाहिलेच नाही. मागच्या खोलीच्या दारापाशी ते उकिडवे बसले, दाराच्या खाली दोन बोटे घातली आणि खालची कड चाचपली. बोटांबरोबर लाकडाचा भुगा बाहेर आला. तो त्यांनी माझ्यासमोर तळहातावर धरला.

"भाऊ, इथं कंदी रंग लागलाच नाही."

"तिथे कोण पाहतंय?" मी म्हणालो.

हे वाक्य माझ्या तोंडून सहज निघून गेले, आणि निघून गेल्यावर कुठे तरी आत टोचले. हे वाक्य पूर्वी कोणी तरी बोलले होते, आणि त्याला कोणी तरी उत्तरही दिले होते. पण त्या क्षणी ते नीटसे आठवेना.

रंगाऱ्यांनी हिशेब सांगितला. दारे, चौकटी आणि खिडक्या मिळून रंगाचे दोन दिवस. आणि रंगाच्या आधीचे आठ दिवस.

"आठ दिवस कशाचे?"

"लाकडाचे," ते म्हणाले. "तुमी म्हनाल तं एका दिवसात वरून हात मारून देतो. पन मंग पुढच्या पोयाले रंग निघाला तं मले बोलावू नका."

वरून हात मारून घेण्याचा अनुभव मला होता. मुलीच्या लग्नाच्या वेळी मी तेच केले होते. लग्नात दारे आरशासारखी चकाकत होती, आणि सहा महिन्यांत त्यांचा रंग उडदाच्या पापडासारखा निघून येऊ लागला. तेव्हा मी निमूटपणे आठ दिवसांना मान दिली. फक्त एक सवलत मागून घेतली: आधीची किरकोळ कामे मी स्वतः करीन, म्हणजे तेवढी रोजी वाचेल. रंगाऱ्यांनी माझ्याकडे, मग माझ्या हातांकडे पाहिले आणि "बरं" म्हटले.

किरकोळ कामे! पहिला दिवस कड्या, कोयंडे आणि हँडले काढण्यात गेला. स्क्रूच्या खाचा साठ वर्षांच्या रंगाने अशा बुजलेल्या, की खिळ्याच्या टोकाने एकेक खाच कोरून काढावी लागली. आमच्या सौभाग्यवतींनी रिकाम्या डब्या आणून दिल्या आणि प्रत्येक दाराचे स्क्रू निराळ्या डबीत ठेवायला लावले. मी त्याला अतिव्यवस्थितपणा म्हणून हसलो. पुढे त्या डब्यांनीच माझी अब्रू राखली. पुढच्या चौकटीत तोरणाचे एकोणतीस खिळे निघाले. दर दसऱ्याला मागल्या वर्षीचा खिळा सापडत नाही म्हणून नवा ठोकायचा, ही आमच्या घराची परंपरा त्या दिवशी मोजून सिद्ध झाली.

दुसऱ्या दिवशी धुणे. स्वयंपाकघराच्या चौकटीवर फोडणीच्या वाफेचा चिकट थर बसला होता, आणि उंबरठ्यावर हळदकुंकू आणि पणत्यांचे तेल मुरले होते. अशा तेलकट जागेवर कितीही महाग रंग लावा, तो धरत नाही. कोमट पाण्यात धुण्याचा सोडा घालून घासायचे, मग साध्या पाण्याने दोनदा पुसायचे, आणि मग पुरते वाळेपर्यंत थांबायचे. हे थांबणे सगळ्यांत अवघड. घासताना निदान आपण काही तरी करीत आहोत असे वाटते.

तिसऱ्या दिवशी मी लोखंडी पट्टी घेतली आणि पुढच्या दाराचा जुना रंग खरवडायला बसलो. आणि खोटे कशाला सांगू, मला त्यात आनंद वाटू लागला. वरचा चॉकलेटी थर मुलीच्या लग्नाचा. तो हात लावताच निघाला. त्याखालचा हिरवा १९९४ चा, मागच्या खोल्यांबरोबर दिलेला. त्याखाली आकाशी. तो धाकट्या बहिणीच्या लग्नातला. त्या मांडवातली जिलबी मला अजून आठवते. आणि सर्वांत खाली, सागवानाला अगदी चिकटून, फिकट गुलाबी. तो मात्र पट्टीला दाद देईना. ओसरीवर रंगाच्या कपच्यांचा आणि भुकटीचा सडा पडला होता, धोतराच्या घडीसारखी पांढरी धूळ माझ्या भुवयांवर बसली होती, आणि मी घराचे आत्मचरित्र वाचल्याच्या थाटात खरवडत होतो.

चौथ्या दिवशी रंगारी आले आणि म्हणाले, पुढच्या दाराच्या झडपा उतरवू या. बिजागिऱ्यांचे स्क्रू सुटले. एक झडप आम्ही दोघांनी मिळून दोन तिपायांवर आडवी ठेवली. १९६६ नंतर ती पहिल्यांदाच उतरत होती. रंगारी खालच्या बाजूला गेले, वाकले, अंगठ्याने कड चाचपली, आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

"हे कोनं केलं जी?"

मी जाऊन पाहिले. दाराची खालची कड, जी दार उभे असताना कोणालाही कधी दिसणार नाही, ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गुलाबी होती. तडा नाही, पोपडा नाही. वरचे तीन-तीन थर फुगले, तडकले, गळून गेले होते. आणि उंबरठ्यापासून बोटभर उंचीवर, साठ पावसाळ्यांच्या तोंडाशी असलेला तो अस्तराचा हात जसाच्या तसा होता.

"माझ्या वडिलांनी," मी म्हणालो.

आणि मग ते आधीचे वाक्य मला पुरते आठवले.

मी दहा वर्षांचा होतो. घर बांधून होत आले होते आणि दिवाळी तोंडावर आली होती. सुतार दार बसवायला उभा होता. दादा म्हणाले, "थांबा. आधी चारी कडांना अस्तर. वरच्या आणि खालच्यासुद्धा." सुतार हसला. "खालची कड कोण पाहते, दादा? उंदीर?" दादा हसले नाहीत. ते म्हणाले, "माणूस पाहत नाही. पाणी पाहते."

अस्तर विकत आणलेले नव्हते. दादांनी ते घरीच केले. दुकानातून सफेदा आणि शेंदूर आणला, आणि दोनदा उकळलेले जवसाचे तेल. जवस आमच्या वऱ्हाडात घरोघरचे. त्याची चटणी आम्ही भाकरीबरोबर खात असू, आणि तेच जवस दाराला पाजायचे याची मला फार मौज वाटली होती. एका जुन्या पातेल्यात ते मिश्रण काठीने ढवळायचे काम माझ्याकडे होते. पांढऱ्यात शेंदूर मिसळत गेला आणि तो गुलाबी रंग तयार झाला.

पण मौज तिथेच संपली. अस्तर लावले, आणि ते वाळेना. हवेत ओल होती. दादांनी दर सकाळी नख टोचून पाहावे आणि मान हलवावी. लक्ष्मीपूजनाचा दिवस आला तरी आमचे दार तिपायांवर आडवेच. गावभर दारांना तोरणे, आणि आमच्या घराला दारच नाही! आईने चौकटीत घोंगडी टांगली. त्या घोंगडीच्या आत आम्ही लक्ष्मीपूजन केले. फटाके उडवायला जमलेली मुले मला "घोंगडीवाला" म्हणून चिडवू लागली. नातेवाईकांनीही तोंडावर काही टोमणे मारले. दादा एवढेच म्हणाले, "आज लक्ष्मीला दार ठोठवावंच लागणार नाही," आणि रात्री उशाशी काठी घेऊन स्वतः उंबरठ्याशी निजले. मला मात्र ती रात्र लागली. मला वाटले, आमचे वडील हट्टी आहेत, खालच्या कडेसाठी ज्यांनी पोराची दिवाळी घालवली असे आहेत. हे मी त्यांना कधी बोलून दाखवले नाही. पण पुढे अनेक वर्षे, त्यांनी कुठलीही गोष्ट सावकाश, नीट करायला घेतली, की माझ्या कपाळाला आठी पडे. १९९४ साली मागच्या खोल्यांची दारे मी एका दिवसात बसवून घेतली, त्यात ही आठीच होती. दादा तेव्हा होते. थकले होते. एवढेच म्हणाले, "खालची कड?" मी म्हणालो, "आता कोण करतं, दादा तसं?"

लाकूड म्हणजे उभ्या नळ्यांची जुडी असते. पाणी फळीच्या पोटातून फारसे शिरत नाही. ते शिरते नळ्यांच्या उघड्या तोंडांतून, आणि ती तोंडे दाराच्या वरच्या आणि खालच्या कडेला असतात. तोंडे बंद केली नाहीत, तर बाकी दाराला कितीही रंग फासा, ते खालून ओल पीतच राहते. ही विद्या दादांना कोणी शिकवली, मला माहीत नाही. मी ती ऐकून घ्यायला तयार नव्हतो, एवढे मला माहीत आहे.

त्या संध्याकाळी मी मोठ्या अभिमानाने पुण्याला फोन लावला आणि ती गुलाबी कड, तो सफेदा, तो शेंदूर, सारे सूनबाईंना सांगितले. त्या रसायनशास्त्र शिकवतात. पलीकडे क्षणभर शांतता.

"बाबा, तो रंग तुम्ही कसा काढताय? कोरडा खरवडून?"

"मग काय ओला करून?"

"बाबा, सफेदा म्हणजे शिसं. शेंदूर म्हणजेही शिसं. ती धूळ कुठे आहे आता?"

धूळ ओसरीवर होती. झाडूने एका कोपऱ्यात लोटलेली. याच ओसरीवर आठ-दहा दिवसांनी आमची नात रांगणार होती, आणि हाताला लागेल ते तोंडात घालणार होती.

पहिल्यांदा मला रागच आला. साठ वर्षे आम्ही त्या दाराशी राहिलो, आम्हाला काय झाले? हे मी बोलूनही दाखवले. सूनबाई शांतपणे म्हणाल्या, "काय झालं असतं ते कळण्याची सोय नव्हती, बाबा." याला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

त्या रात्री त्यांनी जे सांगितले आणि पुढे मी जे वाचले, ते थोडक्यात असे. शिसे घातले की तेल लवकर सुकते आणि त्याचा पापुद्रा चिवट होतो. म्हणून शेकडो वर्षे रंगारी ते वापरीत आले. पण तेच शिसे धुळीतून पोटात गेले, की लहान मुलांच्या वाढत्या मेंदूला कायमची इजा करते. मुलांच्या रक्तात शिशाचे सुरक्षित म्हणावे असे कोणतेही प्रमाण ठाऊक नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. हे जगाला अगदीच नवे होते असेही नाही. रंगाऱ्यांना होणारी विषबाधा पाहून १९२१ साली जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेने घरांच्या आतल्या रंगकामात सफेदा वापरण्याविरुद्ध करार केला होता. अमेरिकेने घरगुती रंगांतल्या शिशावर १९७८ साली बंदी घातली. आपल्याकडे २०१६ साली नियम झाले, आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगात दहा लाख भागांत नव्वद भागांपेक्षा अधिक शिसे असता कामा नये असे ठरले. म्हणजे आज दुकानातून आणलेल्या नव्या डब्याला ही मर्यादा लागू आहे. पण घराच्या दारावर जुने थर आहेत, त्यांना कोणताच नियम लागू नाही. डोळ्यांनी पाहून त्यांत शिसे आहे की नाही ते सांगता येत नाही. रंग जुना असला, तर ते आहे असे धरूनच चालावे.

मला झोप आली नाही. ज्या कडेपाशी मी दुपारी वडिलांची मनातल्या मनात क्षमा मागितली होती, तीच कड रात्री मला भिववू लागली. पातेल्यात काठी फिरवणारा दहा वर्षांचा मुलगा आठवला. दादांनी पोराच्या हाती विष दिले होते, आणि किती काळजीने दिले होते! त्यांच्या काळजीत काही उणे नव्हते. त्यांना जे ठाऊक होते, त्यातले उत्तम त्यांनी केले होते. मला मात्र सारे ठाऊक होऊ शकत होते, आणि मी ते न विचारता खरवडत बसलो होतो.

सकाळी रंगाऱ्यांना सगळे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले. मग म्हणाले, "चाळीस वर्सं झाली कोरडंच घासून राह्यलो मी." आणि खाली पाहत राहिले. त्यांना काय वाटले असेल, ते विचारण्याचे धैर्य मला झाले नाही. नातीची काळजी करताना त्या माणसाची छाती माझ्या हिशेबातच नव्हती, हे तेव्हा लक्षात आले. मी बाजारात जाऊन दोघांसाठी चांगले मास्क आणले.

मग कामाची रीतच बदलली. झडपा अंगणात, प्लॅस्टिकच्या ताडपत्रीवर. आधी पाण्याचा फवारा, मग खरवडणे. जे सुटले आहे तेवढेच काढायचे, जे घट्ट आहे त्याच्या वाटेला जायचे नाही. घासायला काचकागदाऐवजी वॉटर पेपर, पुन्हा पुन्हा पाण्यात बुडवून. कपच्या ओल्या असतानाच वेचून पिशवीत बांधायच्या. ओसरी झाडायची नाही. ओल्या फडक्याने तीनदा पुसायची. कामाचे कपडे निराळे धुवायचे. माझ्या मूळच्या कोपऱ्यातला ढीग आधी भिजवला आणि मग उचलला. आठ दिवसांचे बारा झाले. चिरंजीवांनी येण्याचा बेत चार दिवस पुढे ढकलला, आणि मला त्याबद्दल काही बोलता आले नाही.

वाळलेल्या दारांना मग शिशाविना तयार झालेले नवे अस्तर. माझी समजूत होती, की आधी भोके आणि भेगा लांबीने भरायच्या आणि मग अस्तर लावायचे. रंगाऱ्यांनी मला थांबवले. "आंधी अस्तर, मंग लांबी. कोरं लाकूड उपाशी राह्यते. लांबीतलं तेल ते पिऊन टाकते, मंग लांबीचा भुगा होते." खडूची पूड आणि जवसाचे तेल कणकेसारखे मळून त्यांनी लांबी केली. तो वास ओसरीभर पसरला आणि मी क्षणभर दहा वर्षांचा झालो. खिळ्यांची एकोणतीस भोके बुजली. लांबी वाळल्यावर पुन्हा बारीक कागद, रेषांच्या दिशेने, आडवा कधीच नाही. मग त्या जागांवर पुन्हा अस्तराचे ठिपके. तेलाने भिजलेल्या चिंध्या त्यांनी गोळा करून कोपऱ्यात टाकू दिल्या नाहीत; एकेक सुटी करून अंगणाच्या भिंतीवर वाळत घातली. जवसाचे तेल पाण्यासारखे उडून वाळत नाही. ते हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होते, आणि त्या वेळी तापते. चिंध्यांचा बोळा तसाच पडला, तर तो आपोआप पेट घेऊ शकतो.

मागच्या दारांच्या सडलेल्या कडा सुताराने कापून नवी पट्टी जोडली. तिला चारी बाजूंनी अस्तर. आणि पुढच्या दाराची गुलाबी कड? ती आम्ही खरवडली नाही. ती घट्ट होती. ओल्या कागदाचा एक हलका हात, वाळल्यावर नव्या अस्तराचे दोन हात. दादांचा गुलाबी रंग त्याखाली झाकून गेला. ब्रश मी स्वतःच मागून घेतला होता.

लक्ष्मीपूजनाला दारे जागेवर बसली होती. पण नुसत्या पांढुरक्या अस्तरात. रंगाचा एकही हात लागला नव्हता. हस्तिदंती आणि राखी यांचे भांडण त्यामुळे आपोआप मिटले होते. आलेगेले विचारीत, "रंग राहिला वाटतं?" आमच्या सौभाग्यवती पहिल्या दोघातिघांना ओशाळून उत्तर देत होत्या, मग त्यांनीही "वाळतोय" एवढेच म्हणायला सुरुवात केली. चिरंजीव म्हणाले, "बाबा, निदान पुढच्या दाराला एक हात मारून घ्यायचा होतात." मी काही बोललो नाही. माझ्याजवळ घोंगडी नव्हती, एवढाच काय तो फरक. नातीने आल्याबरोबर त्या दाराला दोन्ही हात टेकले, वर गणेशपट्टीकडे पाहिले, आणि मग अपेक्षेप्रमाणे हात तोंडात घातले. सूनबाईंनी माझ्याकडे पाहिले. मी ओसरीचे ओले फडके वर करून दाखवले. त्या हसल्या.

रंग दिवाळी झाल्यावर लागला. शेवटी हस्तिदंतीच.

या श्रावणात झड लागली तेव्हा मी एका रात्री मुद्दाम उठलो आणि मागच्या खोलीचे दार लावून पाहिले. तीस वर्षांत पहिल्यांदाच ते खांदा न लावता, हलका आवाज करून चौकटीत बसले. मग पुढच्या ओसरीवर आलो. उंबरठ्यावर पावसाचे पाणी येऊन थांबले होते. दार बंद होते. मी थोडा वेळ तिथेच उभा राहिलो. दादा असते तर त्यांना म्हटले असते, की खालची कड झाली. पण ते काही बोलले नसते. वाकून, बोट घालून, स्वतः पाहिले असते.